तस्बीह दिसली, तश्बीह दिसली नाही

रिसोड तालुक्यातल्या एका मुलीची कविता एका मासिकात छापून आली. मुलीचे नाव सांगत नाही. तिला अजून बरेच लिहायचे आहे, आणि एवढ्यातच तिला वादात ओढणे बरे नव्हे. कवितेत एक बाप आहे. बाजार समितीच्या आवारात तो सोयाबीनचे कट्टे घेऊन उभा आहे. मापारी एकेक कट्टा काट्यावर चढवतो, आकडा पुकारतो. इकडे बापाच्या हातात तस्बीह आहे, आणि दर आकड्याला एक मणी बोटाखालून सरकतो. दोन मोजण्या एकाच वेळी चालल्या आहेत. शेवटी दोन्ही मोजण्या जुळत नाहीत. सोळा ओळींत कविता संपते.

पुढच्या अंकात एका जाणत्या समीक्षकाने तिच्यावर चार ओळी लिहिल्या. कौतुकच केले. बंदिस्त समाजातल्या मुस्लिम स्त्रीची घुसमट या कवितेत प्रामाणिकपणे व्यक्त झाली आहे, असा त्याचा मथितार्थ होता. मी कविता पुन्हा काढून वाचली. तिच्यात स्त्री नाही. आई नाही, बहीण नाही, बुरखा नाही. घुसमट म्हणाल तर आहे, पण ती सोयाबीनच्या भावाची आहे, आणि ती घुसमट शेजारच्या रांगेत उभ्या असलेल्या पाटलाचीही आहे.

समीक्षकाने कवितेखालचे नाव वाचले, कवितेतली तस्बीह पाहिली आणि निकाल लिहून टाकला. तस्बीह त्यांना दिसली. तश्बीह दिसली नाही.

हा एका माणसाचा दोष असता तर मी या वार्षिकाची पाने खर्ची घातली नसती. पण गेली तीसेक वर्षे आमच्या लेखनाविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक याच पठडीतले आहे. शब्द ठरलेले आहेत. अनुभवविश्व, वेदना, घुसमट, अस्मिता, परात्मता, मुख्य प्रवाह. यांतला एकही शब्द कविता कशी बांधली आहे याविषयी काही सांगत नाही. ती कुणी लिहिली एवढेच सांगतो. जणू आम्ही कविता लिहीतच नाही, ठाण्यात बसून जबानी देतो. जबानीला शैली नसते, लय नसते. ती खरी की खोटी एवढेच पाहायचे असते. म्हणूनच आमच्या पुस्तकाच्या परीक्षणात ‘प्रामाणिक’ हा शब्द हमखास येतो. मर्ढेकरांना कुणी प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र दिल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या कवितेत लोक लय शोधतात, प्रतिमा शोधतात, विसंगती शोधतात. त्यांनीच मांडलेली ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा घेऊन एखाद्या मुस्लिम मराठी कवितेचा मुद्दाम शोध घेतलेला लेख निदान माझ्या वाचनात तरी आलेला नाही.

तळटीपांचेही तेच. माझ्या एका कथेत ‘सहरी’, ‘दस्तरखान’ आणि ‘इद्दत’ हे तीन शब्द आले. संपादकांचा निरोप आला, खाली अर्थ द्या. दिले. त्याच अंकात एका ललित लेखात ‘अर्घ्य’ होते, ‘निर्माल्य’ होते, ‘अधिष्ठान’ होते. त्यांना तळटीप नव्हती. ‘निर्माल्य’ म्हणजे काय हे मला कळायलाच हवे, पण ‘सहरी’ म्हणजे काय हे वाचकाला कळण्याची गरज नाही. ज्या भाषेने कागद, कलम, शाई, मजकूर, मसुदा आणि शाहीर हे शब्द घरचे करून टाकले, तिच्या संपादकांना रमजानच्या पहाटेच्या जेवणाचे नाव परके वाटावे!

यावर आपल्यातूनच एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ज्या समाजाने १९९२-९३ पाहिले, २००२ पाहिले, त्याने अलंकार मोजत बसावे काय? घर जळत असताना अनुप्रासाचे काय घेऊन बसलात? एका परिसंवादात हा प्रश्न मला भर सभेत विचारला गेला आणि टाळ्या पडल्या. मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो.

त्या दोन्ही वेळी आपल्याकडे ढिगाने कविता लिहिल्या गेल्या. त्यांतल्या किती आज तुम्हाला तोंडपाठ आहेत? ज्या आहेत त्या का आहेत, हे एकदा तपासून पाहा. त्यांतले दुःख इतरांपेक्षा मोठे होते म्हणून त्या राहिल्या काय? नाही. एखादी प्रतिमा अशी बसली होती की काढता येत नाही, एखादी ओळ अशा जागी तुटली होती की तिथे श्वास अडकतो, म्हणून त्या राहिल्या. बाकीच्यांतले दुःखही तितकेच खरे होते, पण त्याला धरून ठेवणारे भांडे नव्हते, म्हणून ते सांडून गेले.

दुसरा दाखला माझ्या गावचा आहे आणि तो सोळाशे वर्षांहून जुना आहे. आज आपण ज्याला वाशिम म्हणतो ते वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन चौथ्या शतकात होऊन गेला आणि तो कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. सत्यभामेसाठी कृष्ण पारिजात आणतो ती कथा. हे काव्य आज कुठेही अखंड मिळत नाही. राज्य गेले, राजवाडा गेला, पोथी गेली. मग ते होते हे आपल्याला कळते कसे? काव्यशास्त्रकारांनी सांगितले म्हणून. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसलेल्या आनंदवर्धनाने, रसाला पोषक व्हावे म्हणून कवीने मूळ कथेत फेरफार कसा करावा हे सांगताना कालिदासाच्या काव्यांबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतले. कुंतकाने सुकुमार मार्गाचा कवी म्हणून त्याला कालिदासाच्या पंगतीला बसवले. माळव्याच्या भोजराजाने त्यातल्या गाथा उदाहरणांसाठी उचलल्या. वाशिमच्या राजाचे काव्य आज जेवढे शिल्लक आहे तेवढे समीक्षेच्या पुस्तकांतल्या उदाहरणांपुरतेच आहे. कुणीतरी त्याची घडण पाहिली, तिला नाव दिले, दाखला म्हणून लिहून ठेवले, आणि तेवढे वाचले.

आता आपल्या कवितासंग्रहांची कल्पना करा. उद्या ते वाळवीने खाल्ले आणि त्यांच्यावर लिहिलेले तेवढेच उरले, तर काय उरेल? ‘दाहक अनुभवविश्व’ उरेल. एक ओळ उरणार नाही, कारण ओळ कुणी उद्धृतच केली नव्हती.

याच वत्सगुल्माची आणखी एक गोष्ट आहे. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तिच्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरते. ज्या ज्या प्रदेशात ती दोघे जातात तिथला वेष, तिथले नृत्य, तिथली बोलण्याची रीत घडत जाते. गौडी, पांचाली आणि शेवटी वैदर्भी. आणि त्या दोघांचे लग्न कुठे लागते? विदर्भातल्या वत्सगुल्मात. म्हणजे काव्य आणि त्याची चिकित्सा यांचा विवाह आमच्या वाशिमला लागला. राजशेखरच ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणतो. हा शब्द वत्सगुल्मावरूनच आला असे वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी दाखवले आहे. या देशातल्या काव्यचर्चेत सर्वोत्तम रीतीचे एक नाव वाशिमचे नाव होते.

मी हे गावाचा अभिमान म्हणून सांगत नाही. १ जुलै १९९८ला आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तेव्हा अभिमानाची भाषणे भरपूर झाली. मला त्या गोष्टीतले वेगळेच महत्त्वाचे वाटते. त्या जुन्या लोकांनी रीतींना नावे दिली ती प्रदेशांची. समास किती लांब, अनुप्रास किती, शब्द मऊ की कठीण, यावरून त्यांनी वर्गवारी केली. कवीचा धर्म आणि जात हा त्यांच्या संज्ञांचा पाया नव्हता. त्यांच्या समाजात भेद नव्हते असा माझा भाबडा समज नाही. भेद होते आणि भयंकर होते. पण काव्याची चिकित्सा करताना त्यांच्या हाती जी हत्यारे होती ती काव्याची होती. आजच्या पुरोगामी समीक्षकाच्या हाती आमच्यासाठी जी आहेत ती जनगणनेची आहेत.

आता आपल्या घराकडे वळतो. दोष सगळा बाहेरच्यांचा नाही.

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही पाहा. आपली काही मुले उर्दू शाळेत जातात, काही मराठी. उर्दूतला मुलगा तश्बीह शिकतो, मराठीतला उपमा शिकतो. एकाच घरातले दोन भाऊ एकाच गोष्टीला दोन नावे देतात आणि आपण दोन वेगळे विषय शिकतो असे समजतात. एक साधे वाक्य घ्या: तिचा चेहरा पावसात भिजलेल्या कापसासारखा काळवंडला. मराठीचे गुरुजी सांगतील, चेहरा हे उपमेय, कापूस हे उपमान, काळवंडणे हा साधारण धर्म, ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द. उर्दूचे उस्ताद सांगतील, चेहरा मुशब्बह, कापूस मुशब्बह बिही, काळवंडणे वजहे शबह, ‘सारखा’ हर्फे तश्बीह. चाराला चार. एक कमी नाही, एक जास्त नाही. ‘सारखा’ हा शब्द आणि साधारण धर्म दोन्ही गाळले तर संस्कृतवाले लुप्तोपमा म्हणतात आणि अरबीवाले तश्बीहे बलीग. हुस्ने तालील म्हणजे खरे कारण सोडून सुंदर कल्पित कारण देणे. आपल्याकडे हेतूत्प्रेक्षा त्याच्या अगदी जवळ आहे. लफ्फ व नश्र म्हणजे यथासंख्य. मुबालगा म्हणजे अतिशयोक्ती, हे तर सांगायलाच नको.

छंदांत तर याहून गंमत आहे. मुतकारिब या बहरात ‘फऊलुन’ चार वेळा येते, म्हणजे लगागा, लगागा, लगागा, लगागा. हाच तर भुजंगप्रयात! रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. त्याच बहरातले शेवटचे एक अक्षर उडवले की फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’चे वृत्त होते, सादीच्या ‘बोस्तान’चे होते, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने मक्तबात घोकलेल्या ‘करीमा’चेही होते. एका गल्लीत आजोबा ‘करीमा’ म्हणत होते, शेजारच्या गल्लीत मनाचे श्लोक चालले होते, आणि दोघांचे पाय जवळजवळ एकाच ठेक्यावर पडत होते. कुणी कुणाची नक्कल केली हा वाद मला घालायचा नाही. दोन्ही नावे ज्याला येतात तो दोन्ही दारांतून आत जाऊ शकतो, एवढेच.

सगळेच जुळते असेही नाही, आणि जिथे जुळत नाही तिथेच दुसऱ्या संज्ञेची खरी गरज लागते. ‘रस’ या कल्पनेला इल्मे बदीमध्ये तसा जोड नाही. ती आपण भरतापासून घ्यायला हवी. उलट ‘तलमीह’ला शालेय मराठी व्याकरणातल्या अलंकारांच्या यादीत जागा नाही. एखाद्या माहीत असलेल्या कथेकडे एका शब्दात बोट दाखवणे म्हणजे तलमीह. दुष्काळावरच्या कवितेत ‘करबला’ आला, तर ती तलमीह आहे: नदी डोळ्यांसमोर वाहते आहे आणि घशाला थेंब नाही. पैनगंगेच्या काठी टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हा शब्द जितका कळतो तितका तो पोथीपंडितालाही कळणार नाही. पण समीक्षकाकडे ‘तलमीह’ ही संज्ञा नसली की त्याला ‘करबला’ म्हणजे केवळ धर्म वाटतो आणि तो लिहितो, कवी धार्मिक प्रतीकांच्या चौकटीबाहेर पडलेला नाही. मात्र एकलव्याचा अंगठा कवितेत आला की तो मिथकाचा सर्जनशील वापर असतो. संज्ञा नसली की अन्याय कसा सहज घडतो, पाहा. त्यात दुष्टपणाही लागत नाही.

मराठीने हे दुसरे दार उघडले नव्हते असे नाही. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. १९२५मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश केला, १९३३मध्ये ‘गज्जलांजली’ काढला, आणि ‘छंदोरचने’त फारसी बहर आणि संस्कृत वृत्ते शेजारी शेजारी बसवली. हजजच्या चार ‘मफाईलुन’ना मराठीत ‘वियद्गंगा’ म्हणतात, हे त्या परंपरेचे देणे. पण याच माणसाने पुढे १९३८मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ज्याने दार उघडले त्यानेच उंबऱ्यावर झाडू घेऊन उभे राहावे, याचे मला आजही वाईट वाटते. नंतर आमच्या शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट आले. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ नव्या कवींच्या हाती ठेवली. तिच्यात काफियाला यमक, रदीफला अन्त्ययमक असे मराठी नाव दिले आणि मतला, शेर, अलामत तसेच ठेवले. परके म्हणून टाकले नाही आणि पवित्र म्हणून पूजलेही नाही. मराठी गझल उभी राहिली ती अशा कामामुळे.

आणि आपण? आपल्यातल्या पुष्कळ गझलकारांना वाटते की गझल ही आपली वडिलोपार्जित जमीन आहे, सातबारा आपल्याच नावावर आहे, मग मशागत कशाला? मुशायऱ्यात ‘घर’ला ‘दार’ जोडून काफिया झाला म्हणून खुशाल पुढे जातात. ‘र’ जुळला, पण त्याआधीचा स्वर एकीकडे ‘अ’ आणि दुसरीकडे ‘आ’. अलामत गेली. उर्दूत दीर्घ स्वर दाबून ऱ्हस्व म्हणण्याची सूट आहे, ती मराठीतही हक्काने घेतात. मराठीचे लघुगुरू ती देत नाहीत. चूक दाखवली की म्हणतात, साहेब, आशय पाहा. आशय पाहा म्हणणारा कवी आणि अनुभवविश्व पाहणारा समीक्षक एकाच बाकावरचे आहेत. दोघांनाही कविता वाचण्याचे कष्ट टाळायचे आहेत.

मोहल्ल्यात आणखी एक आवाज आहे. तो सूरह अश्-शुअराचा दाखला देऊन शायरीवरच नाक मुरडतो. त्या सूरहच्या अगदी शेवटी ईमान राखणाऱ्या आणि सत्कर्म करणाऱ्या कवींचा अपवाद केला आहे, ते मात्र सांगत नाही. हस्सान बिन साबित हे पैगंबरांचे कवी होते, हेही सांगत नाही. आणि हे तर मुळीच सांगत नाही की अब्दुल काहिर जुर्जानी यांनी अकराव्या शतकात रूपक, उपमा आणि वाक्यरचना यांचा जो सूक्ष्म अभ्यास केला, त्यामागे कुरआनची भाषा अद्वितीय का आहे हा प्रश्न होता. अलंकारांची चिकित्सा हा आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग कधीच नव्हता.

मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९०मध्ये सोलापूरला भरले. तेव्हा आपण आहोत हे सांगणेच आवश्यक होते आणि त्या पिढीने ते धाडसाने सांगितले. दलित साहित्यानेही आधी तेच केले, पण ते तिथे थांबले नाही. १९९६मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिले, आम्हाला कोणत्या मापाने मोजा हे स्वतः सांगितले. मी ज्या परिसंवादांना बसलो तिथे अजूनही ‘मुस्लिम मराठी साहित्य: दशा आणि दिशा’ चालू आहे. एक तरी सत्र एका कवितेवर ठेवा. एकच कविता, सर्वांच्या हाती तिची प्रत, आणि तीन तास. मी माझ्या भाड्याने येईन.

त्या मुलीच्या कवितेत दोष आहेत. पहिल्या दहा ओळी तिने काट्याचा आकडा आणि तस्बीहचा मणी नुसते शेजारी ठेवले आहेत, ‘जसा-तसा’ कुठे म्हटलेले नाही. ती लुप्तोपमा आहे आणि तिच्या वयाला थक्क करणारी आहे. पण अकराव्या ओळीत तिला धीर राहत नाही आणि दोन्ही मोजण्या सारख्याच आहेत असे ती सांगून टाकते. तिथे कविता पडते. पुढे सावरते, पण पडलेली दिसते. त्या चार ओळी लिहिणाऱ्याने एवढे जरी लिहिले असते तरी मुलीचे भले झाले असते.

तसे झाले नाही. गेल्या महिन्यात ती नवी कविता घेऊन आली. तिच्यात एक खिडकी होती, जाळी होती, जाळीमागे एक बाई होती आणि घुसमट हा शब्द दोनदा होता. मी विचारले, हे कुठून आणलेस? ती म्हणाली, “सर, त्यांना तेच आवडलं होतं ना.” मी विचारले, तुमच्या घराला जाळी आहे का? नाही म्हणाली, पत्र्याचे दार आहे. मी ती कविता बाजूला ठेवली, जुना अंक काढला आणि आम्ही अकराव्या ओळीपासून बसलो.